पंधरावी सही

तिसऱ्या हाकेला तो माणूस वळला, पण नावाला ओ देऊन नव्हे. थांब्यावरच्या दोघाचौघांनी माना वळवल्या म्हणून त्यानंही वळवली. सुरतेतला उधना दरवाज्याचा बसथांबा, सकाळचे साडेनऊ, मे महिन्याचं ऊन आत्तापासूनच अंगाला चावायला लागलेलं. रंजना सैंदाणे खांद्यावरची जड पिशवी सावरत पुढं झाली. आपलीच माणसं अशी परक्या गर्दीत भेटली की तिला उगाच भरून येई, आणि हा तर तिच्या प्रबंधातला माणूस होता. "बळीरामभाऊ, अहो ओळखलं नाही? कडोदऱ्याला तुमच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये यायचे मी, वही घेऊन." त्यानं ओळखलं, हसून हात जोडले. पण त्याच्या शेजारची बाई, एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली, पदर तोंडाला लावून हसायला लागली. "बळीराम त मन्हा भाऊ शे, बाई. तो गावले ऱ्हास." रंजनाला वाटलं ती थट्टा करतेय. त्या माणसानं बायकोकडं डोळे वटारून पाहिलं, मग सुटका नाही म्हटल्यावर मान खाजवत म्हणाला, "माझं नाव रामदास, मॅडम. कामाचं कार्ड मेव्हण्याचं आहे. तो गावाकडं गेला, मग त्याच्या कार्डावर मी लागलो." "पण एकवीस वर्षांचा अनुभव..." "एकवीस वर्षं त्याची. तुम्ही आल्या तेव्हा मला सहा महिनेच झालते. त्याच्या आधी अंकलेश्वरला होतो, केमिकलमध्ये. माग डोळ्यानंसुद्धा पाह्यला नव्हता." "मग मी विचारलं तेव्हा एकवीस का सांगितलंत?" रामदासनं तिच्याकडं जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "तुम्ही शेडच्या मास्तरसमोर विचारलं ना. मास्तरसमोर कार्डावर असंल तेच सांगायचं. सगळ्यांचंच तसं आहे, मॅडम." त्यांची बस आली. बायकोचा हात धरून तो चढला आणि आतून पुन्हा एकदा हात जोडून गेला. रंजनाची बस त्यांच्या बसमागंच उभी होती. ती सुटून गेली तरी रंजना तिथंच होती.

एकशेसतरा. प्रबंधात त्याला नाव नव्हतं, नाव द्यायचं नसतं. तिथं तो कारीगर क्रमांक एकशेसतरा होता, आणि तिच्या चौथ्या प्रकरणाचा राजा होता. कडोदऱ्याच्या त्या शेडमध्ये मालकानं प्रत्येक मागावर छोटा पडदा बसवून घेतला होता. सूत बिघडायला लागलं की पडदा लाल व्हायचा, कारीगरानं माग थांबवायचा. कोण थांबवतो, कोण थांबवत नाही, किती सेकंदांनी थांबवतो, हे सगळं आपोआप नोंदलं जायचं. दोनशे बारा कारीगरांच्या अठरा महिन्यांच्या नोंदी रंजनाला मिळाल्या होत्या, मालकाच्या हातापाया पडून. त्यातून तिनं जे काढलं ते उषा मॅडमना, म्हणजे तिच्या गाइडना, इतकं आवडलं होतं की त्यांनी चहा मागवला होता. निष्कर्ष असा, की जुना मुरलेला कारीगर पडद्याचा इशारा सरळ डावलतो आणि बहुतेक वेळा तोच बरोबर ठरतो. हाताला जे कळतं ते यंत्राला कळत नाही. एकशेसतरा नंबरनं एकसष्ट इशारे डावलले होते. रंजनानं त्याच्यावर साडेचार पानं लिहिली होती, एकवीस वर्षांच्या शहाण्या हातांवर. आता कळत होतं की तो बिचारा सहा महिन्यांचा नवखा होता, लाल पडद्याचा अर्थच त्याला लागत नव्हता, आणि सूत तुटलं नाही हे केवळ त्याचं नशीब होतं. तिला हसू आलं.

पुढच्या बसमध्ये जागा मिळाली. पिशवीत सूचनापत्राच्या प्रती होत्या: गुरुवारी सकाळी अकरा वाजता, माहिती प्रणाली विषयातल्या पीएच.डी.साठी प्रबंधपूर्व सादरीकरण, सर्वांना खुलं. या एका कागदापर्यंत यायला आठ वर्षं लागली होती. प्रवेशाची पुस्तिका तिनं पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ती तीस वर्षांची होती, आणि त्यातल्या अटी तिला अजून पाठ होत्या, शाळेतल्या कवितेसारख्या. पदव्युत्तर पदवी, पंचावन्न टक्के. प्रवेश परीक्षा, अर्धे प्रश्न संशोधन पद्धतीवर. मुलाखत. एक सत्र वर्गात बसून अभ्यासक्रम. दर सहा महिन्यांनी समितीपुढं प्रगतीचा अहवाल. दोन शोधनिबंध छापून आलेले. मग हे सादरीकरण, मग प्रबंध, मग नक्कल तपासणी, मग बाहेरचे परीक्षक, मग तोंडी परीक्षा. प्रवेश परीक्षेत ती पहिल्यांदा दोन गुणांनी नापास झाली होती. दुसऱ्या वर्षी पास झाली आणि मुलाखतीत पाच जणांपैकी एकानं सहज विचारलं, "वडील काय करतात?" ती म्हणाली, "टेक्सटाइलमध्ये आहेत." सुरतेत टेक्सटाइलमध्ये म्हटलं की लोक समजतात दुकान असेल, मार्केटात गाळा असेल. त्यांनी तसंच समजून मान हलवली आणि तिनं त्यांना तसंच समजू दिलं. पुढं मधे बाळंतपण झालं, मग दोन वर्षं सगळंच ठप्प होतं, मग मुदतवाढ घेतली, मग बाईमाणूस म्हणून मिळते तीही वाढ घेतली. तीस जूनला सगळ्या वाढी संपत होत्या. त्यानंतर नोंदणी रद्द. करायचं असेल तर पुन्हा पहिल्या अटीपासून. आणि ज्या खासगी कॉलेजात ती अकरा वर्षं कंत्राटावर शिकवत होती, तिथून लेखी आलं होतं की येत्या सत्रापासून पीएच.डी. नसलेल्यांचं कंत्राट पुढं चालणार नाही. तेव्हा आठ वर्षं, नोकरी, सगळं काही त्या दोनशे बारा ओळींच्या तक्त्यावर उभं होतं. आणि त्या तक्त्यातला 'नोकरीची वर्षं' हा रकाना खोटा होता.

खोटा आहे हे तिला आज कळलं, असं ती स्वतःला सांगत होती. बस मजुरा गेटला वळली तेव्हा हे सांगणं बंद पडलं, कारण तिला डबा आठवला. तीन कप्प्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा, वर कापडाची गाठ. ती नऊ वर्षांची, लिंबायतच्या खोलीतून निघून रेल्वेचे रूळ ओलांडून, उधन्याच्या खात्यावर. सुरतेत मागांच्या शेडला खातं म्हणतात. दारात खाटेवर राखणदार भय्या बसलेला असे. त्याच्यापुढं डबा ठेवून म्हणायचं, "विठ्ठल का डब्बा." भय्या आत तोंड करून ओरडे, "ए विठ्ठल!" आणि आतल्या त्या खडखडाटातून, ज्यात बोललेलं स्वतःलाही ऐकू येत नसे, तिचा बाप बाहेर येई. राघो सैंदाणे. केसांवर, भुवयांवर पांढरा कापूस. आईनं पहिल्या दिवशीच बजावून ठेवलं होतं, "तठे राघो नही म्हनानं. तठे विठ्ठल." विठ्ठल हा आप्पांचा मावसभाऊ. कार्ड त्याचं. तो गावाकडं शेती बघायला गेला तो परत आला नाही, आणि त्याच्या कार्डावर आप्पांनी चोवीस वर्षं माग चालवला. नवा माणूस घ्यायचा तर सेठला कागद करावे लागत, जुन्या कार्डावर घेतला की कटकट नसे, म्हणून सेठ खूश; गावाकडच्याचं नाव चालू राही म्हणून तोही खूश. दिवाळीला मिठाईचा पुडा येई त्यावरही विठ्ठल लिहिलेलं असे. त्या पुड्यावरचं नाव वाचून धाकटा भाऊ चेकाळायचा, विठ्ठलकाकांनी पाठवलं, विठ्ठलकाकांनी पाठवलं. बारावीनंतर शिष्यवृत्तीसाठी वडिलांच्या पगाराचा दाखला लागला तेव्हा मात्र कोणी चेकाळलं नाही. कागदावर राघो सैंदाणे कुठंच कामाला नव्हते. शिष्यवृत्ती गेली. रंजना आठवडाभर आप्पांशी बोलली नाही, त्यांनाच दोषी धरलं, आणि त्यानंतर तिनं ती गोष्ट अशी काही पुसून टाकली की तिच्या हातात दोनशे बारा कार्डांचा तक्ता आला तेव्हाही तिला काही आठवलं नाही. दुसऱ्या कुणा मुलीला माहीत नसणं समजण्यासारखं होतं. पुण्यामुंबईची कोणी आली असती तर ती फसली असती आणि तिचं काही चुकलं नसतं. पण जिनं दारात उभं राहून बापाला दुसऱ्याच्या नावानं बोलावलं, तिनं कार्डावरच्या नावावर विश्वास ठेवावा? की इतकी वर्षं त्या दारापासून लांब पळता पळता तिचे डोळेच तिकडच्या लोकांचे झाले होते? तिला स्वतःचा राग आला, आणि रागाच्या तळाशी भीती होती.

विभागात सुट्टीचा शुकशुकाट होता. उषा मॅडम एकट्याच पंख्याखाली खोके भरत होत्या. जूनअखेर त्या निवृत्त होणार होत्या आणि रंजना ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी. मूळच्या नाशिकच्या, तीस वर्षं सुरतेत राहून मराठी तशीच तासून ठेवलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "असे किती असतील?"

"माहीत नाही, मॅडम. अर्धे. जास्तही असतील. सगळ्यांचंच तसं आहे म्हणाला तो."

"म्हणजे तुलाही नक्की माहीत नाही. एका माणसानं बसथांब्यावर सांगितलं."

"तो आख्खा रकाना खोटा आहे."

"खोटा नाही, अशुद्ध आहे. फरक असतो." मॅडमनी समोरचा कागद ओढला आणि त्यांच्या त्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: नोंदींतील सेवाकाल हा कार्डावरील असून प्रत्यक्ष व्यक्तीशी त्याची पडताळणी केलेली नाही. "मर्यादांच्या प्रकरणात हे एक वाक्य घाल. प्रत्येक प्रबंधात असं एखादं वाक्य असतं. परीक्षक वाचतात, मान डोलावतात, पुढं जातात. रंजना, माझ्याकडं बघ. आता नवे आकडे गोळा करायला दोन वर्षं लागतील. तुझ्याकडं पाच आठवडे आहेत. माझ्याकडंही." मग त्यांनी जरा थांबून, अगदी साध्या कुतूहलानं विचारलं, "पण इतकी वर्षं त्या लोकांत जाऊनयेऊन तुला हे कळलं कसं नाही?" त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर रंजना उत्तर देऊ शकली असती. तिनं कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. निघताना विभागातल्या शोभाबाईंनी दारातच गाठलं. त्या चहापासून फायलींपर्यंत सगळं बघत आणि नियम त्यांना कुलसचिवांपेक्षा जास्त पाठ होते. "बेन, पंधरा सही जोईए हां, ओछामां ओछी, कमीत कमी. खुलं सादरीकरण आहे ना. सुट्टीत माणसं कुठून आणशील तू? बाहरनो माणस पण चाले. घरचं कोणी पण चालेल, फक्त हजेरीपत्रकावर नाव नि सही बराबर पाहिजे."

ते वाक्य लिहायला ती त्या दिवशी दुपारपासून बसली. भेस्तानच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटात दुपारी पंखा गरम हवाच फिरवायचा. नवरा चेतन हजीऱ्याच्या प्लांटात पाळीवर होता, त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आठ वर्षं झाली ना? देऊन टाक आता काय आहे ते." त्याचं काही चूक नव्हतं; आठ वर्षांत त्यानं पोळ्याही शिकून घेतल्या होत्या. ती वाक्य टंकून पाहायची, तर ते खूप सरळ दिसायचं, सज्जन दिसायचं. पडताळणी केलेली नाही. जशी काही पडताळणी राहून गेली, गॅस बंद करायचा राहून जावा तशी. तिनं ते खोडलं, परत टंकलं. बाळंतपणापासून आईआप्पा तिच्याकडंच राहत. बाहेरच्या खोलीत आप्पा टीव्ही बघत बसले होते, आवाज बंद करून. चोवीस वर्षांच्या खडखडाटानं त्यांचे दोन्ही कान गेले होते. डाव्या कानाशी ओरडलं तर थोडं पोचे. रंजना जाऊन त्यांच्याजवळ बसली. तिला विचारायचं होतं, आप्पा, दुसऱ्याच्या नावाला ओ देताना कसं वाटायचं? पण ते ओरडून विचारावं लागलं असतं, शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल असं. ओरडून विचारण्यासारखं ते नव्हतंच.  आप्पांनी तिच्याकडं पाहिलं, बोटांनी पुस्तकाचं पान उलटल्यासारखं करून विचारलं, "छपाई गयं का पुस्तक?" प्रबंधाला ते पुस्तक म्हणत. तिनं अजून नाही अशी मान हलवली. "तेन्हावर तुन्हं नाव पुरं ऱ्हाई ना? मन्हं बी?" तिनं हो म्हटलं. रंजना राघो सैंदाणे, असं मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत येणार होतं. आप्पा खूश होऊन पुन्हा टीव्हीकडं वळले. मागांवर, कारीगरांवर लिहिलेला एक कागद, ज्यावर राघो असं नाव आहे: असा कागद जगात अजून एकही नव्हता, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं आणि तिला तिथं बसवेना.

स्वयंपाकघरात आई, मंगलाबाई, भाकरी थापत होती. तिच्याशी ओरडावं लागत नसे. रंजनानं तिला रामदासचं सांगितलं, हळूहळू, तक्ता म्हणजे काय तेही सांगितलं. आईचा हात थांबला नाही. "मंग? कार्ड त असंच चालस. तुले काय मालूम नही? डबा कोन लई जाये? तूच ना!"  "आई, मी चुकीचं लिहिलंय सगळं." "चुकीचं कसाले? कार्डवर शे तेच लिखं ना तू." "हो. तेच लिहिलं." आईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग जरा वेळानं, रंजनाकडं न बघता म्हणाली, "विठ्ठलभाऊ गावले मरना ना, तव्हय खातामा कोनी सांगं का विठ्ठल मरना. तुन्हा बाप कामवर गया तं बठा जन त्यालेच देखेत. मास्तर म्हने, अरे तू त जिता शे! हसनात बठा. तोबी हसना. घर उना आनि जेवना नही तो." एवढं सांगून तिनं भाकरी उलटली. ही गोष्ट रंजनाला माहीत नव्हती. तो दिवस तिनं आठवून पाहिला, पण तिला नुसता न जेवलेला बाप आठवला, जो कैकदा जेवत नसे आणि ज्याचं कारण तिनं कधी विचारलं नव्हतं. आपण लाजत होतो ती गरिबीला लाजत होतो असं तिला नेहमी वाटे. आता वाटलं, त्या माणसाच्या नाव नसण्याला आपण लाजत होतो, आणि त्याला ते कळत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आई म्हणाली, धूर नाही तरी डोळ्याला पाणी कसं, आणि परात बाजूला सारली.

मधले तीन दिवस माणसं गोळा करण्यात गेले. कॉलेजातले सात सहकारी येतो म्हणाले, संशोधन करणारी चार मुलं, समितीचे तिघे. चौदा. चेतनला पाळी बदलून मिळेना. शेवटी तिनं आप्पांना विचारलं, आणि ते असे उठले जणू वाटच बघत होते. मंगलाबाईंनी पांढरा सदरा इस्त्री करून आणला. बँकेत आप्पा अंगठा लावत, म्हणून रंजनानं विचार केला, हजेरीपत्रकावर अंगठाही चालेल. मर्यादांच्या प्रकरणात तिनं मॅडमचं वाक्य अखेर जसंच्या तसं घातलं. घातल्यावर रात्रीची झोप लागली, म्हणजे वाक्यानं काम केलं. सकाळी उठून तिला स्वतःची शिसारी आली, तरी तिनं साडी नेसली, पडद्यावर दाखवायच्या चित्रांचा क्रम एकदा तपासला आणि आप्पांना घेऊन रिक्षात बसली.

विभागाच्या हॉलमध्ये वातानुकूलित गारवा होता आणि आप्पा पहिल्यांदा जरा आक्रसून गेले. ती त्यांना मागच्या रांगेत खिडकीशी बसवून आली. अकराला पाच मिनिटं कमी असताना समितीचे अध्यक्ष आले, उषा मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या. रंजना बोलायला लागली आणि शोभाबाईंनी हजेरीपत्रक पहिल्या रांगेपासून फिरवायला सुरुवात केली. बोलणं चांगलं चाललं होतं. आठ वर्षांत इतकं पाठ झालं होतं की तोंड आपोआप बोलत होतं आणि ती स्वतः कुठंतरी बाजूला उभी राहून त्या हुशार बाईचं बोलणं ऐकत होती. कागद रांगेरांगेनं मागं सरकताना तिला दिसत होता. आप्पांपर्यंत पोचला. शोभाबाईंनी बोट ठेवून जागा दाखवली, आप्पांनी पेन घेतलं. पेन घेतलं याचं तिला नवल वाटलं, पण तेवढ्यात तिसरं प्रकरण संपलं. शोभाबाई पत्रक घेऊन पुढं आल्या, उमेदवाराचीही वेगळी सही लागते म्हणून ते तिच्यासमोर टेबलावर ठेवलं आणि कागदावर नख टेकवून कुजबुजल्या, "बेन, आ विठ्ठल कोण छे?"

पंधराव्या ओळीत, नावाच्या आणि सहीच्या दोन्ही चौकटींत, एकच सही होती. गुजराती अक्षरांत, मोठी, घट्ट, न थरथरलेली: विठ्ठल. चोवीस वर्षं दर पगाराला खात्याच्या कारकुनाच्या, मेहताजींच्या वहीत करायची ती सही. रंजनाला तोवर वाटत होतं की तिच्या बापाला लिहिता येत नाही. त्याला लिहिता येत होतं. फक्त स्वतःचं नाव तेवढं येत नव्हतं. त्याची गरज कुणाला पडली नव्हती. तिच्यामागं पडद्यावर चौथ्या प्रकरणाचा तक्ता लागला होता, दोनशे बारा ओळी, बारीक अक्षरांत. कागद तिच्या हातात होता. हॉलमध्ये लोक तिच्याकडं पाहत होते, ती पाणी प्यायला थांबलीय असं समजून थांबले होते. काही बोलायची गरज नव्हती. ती नंतर शोभाबाईंना बाजूला घेऊन सांगू शकली असती, पत्रक दुरुस्त झालं असतं. मॅडमचं वाक्य पाचव्या प्रकरणात शहाण्यासारखं बसलेलं होतं. 

"सर, थोडं थांबते," ती अध्यक्षांना म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "या हजेरीपत्रकावर शेवटचं नाव विठ्ठल आहे. ते खरं नाही. ते माझे वडील आहेत, त्यांचं नाव राघो. त्यांनी चोवीस वर्षं दुसऱ्याच्या कार्डावर माग चालवला, आणि सही तेवढीच शिकले. हा मागचा जो तक्ता आहे ना, सर, त्यातली माणसंही अशीच आहेत. कार्ड एकाचं, माग चालवणारा दुसरा. नोकरीची वर्षं कुणाची आणि हात कुणाचा, मला सांगता येणार नाही. मी ज्याला एकवीस वर्षांचा कारीगर म्हटलंय तो सहा महिन्यांचा होता. दोन्ही शोधनिबंध यावरच आहेत." ती थांबली. मग जे वाक्यात बसलं नव्हतं ते बोलली, "आणि पडताळणी राहून गेली असं नाही, सर. मला हे लहानपणापासून माहीत होतं."

उषा मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी डोळे झाकले. अध्यक्षांनी हातातलं पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. "तमे समजो छो ने, याचा अर्थ काय होतो?" ते म्हणाले. "आकडेवारी मागं घेतली तर हे सादरीकरण धरता येणार नाही. तीस जूननंतर नोंदणी राहणार नाही. पुन्हा परीक्षा, पुन्हा मुलाखत." रंजना हो म्हणाली. पंचावन्न टक्के, प्रवेश परीक्षा, मुलाखत. सगळ्या अटी एकामागून एक तिच्या डोक्यात उभ्या राहिल्या.  तिला खूप भीती वाटत होती, कॉलेजची, चेतनच्या तोंडाची, अडतीस वर्षांच्या वयाची, आणि तरी त्या भीतीत आठ वर्षांत पहिल्यांदा ती स्वतः बोलत होती, बाजूला उभी नव्हती.

आप्पांना यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की आपण सही केलेला कागद पोरीच्या हातात आहे, बोलणं थांबलंय आणि सगळे जण वळून आपल्याकडं पाहताहेत. असं झालं की काय करायचं हे त्यांना माहीत होतं. चोवीस वर्षं मेहताजींसमोर तेच केलं होतं. ते उठले, खुर्च्यांमधून वाट काढत पुढं आले आणि त्या गार, शांत हॉलमध्ये, आपल्याला जेवढं ऐकू यावं तेवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले, "चुकनं का माय मन्हं?" आणि बँकेत करतात तसा डावा अंगठा पुढं केला, शाई कुठं आहे ते शोधत.

माहिती प्रणालीच्या विभागात शाईचा पॅड कुठला असायला. रंजनानं फळ्याखालचा काळा मार्कर उचलला, बापाचा अंगठा हातात घेतला. त्याच्या टोकाला सुतानं पाडलेली बारीक चीर होती, ती तिनं शाईनं नीट भरली. पंधराव्या ओळीतल्या सहीवर एक सरळ रेघ ओढली, शेजारी अंगठा दाबला आणि पुढं स्वच्छ अक्षरांत लिहिलं: राघो. मग कागद शोभाबाईंच्या हातात दिला. शोभाबाईंनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवत सह्या मोजल्या. पंधरा भरल्या. तेवढी एक अट पुरी झाली.